शब्दांची चौकशी : पसारा, पण कशाचा?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी इंग्रजीचा निवृत्त शिक्षक. परवा एका इंग्रजी दैनिकात 'द मीटिंग वॉज अ शँबल्स', म्हणजे बैठकीचा पार विचका झाला, असं वाक्य वाचलं. शब्दाच्या शेवटी अनेकवचनाचा 'स' आणि पुढे एकवचनाचा 'अ'! विद्यार्थ्याने असं लिहिलं असतं तर मी लाल शाई वापरली असती. त्यातच नातीने इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातल्या एका गल्लीचा फोटो पाठवला. पाटीवर गल्लीचं नाव तेच, शँबल्स. पण गल्ली तर चित्रासारखी टापटीप. मग शब्दावरून गल्लीला नाव पडलं, की गल्लीवरून शब्द आला? आणि तो 'स' कुठून आला?

उत्तर : सर, लाल शाई तूर्त झाकून ठेवा. वाक्य बरोबर आहे.

गल्ली जुनी आणि पसारा नवा, एवढं आधी सांगून टाकते. शँबल्स म्हणजे अव्यवस्था हा अर्थ जेमतेम सव्वाशे वर्षांचा. यॉर्कच्या त्या गल्लीचा इतिहास सांगताना लोक थेट १०८६ सालच्या 'डोम्सडे बुक'पर्यंत, म्हणजे विल्यम राजाने करवून घेतलेल्या पाहणीपर्यंत मागे जातात.

मुळात हे एक बाकडं होतं. लॅटिनमध्ये बाकाला 'स्कॅम्नम' म्हणत, त्याचं लहान भावंड 'स्कॅमेलम', म्हणजे बुटकं स्टूल. रोमनांच्या शेजारी राहणाऱ्या जर्मानिक टोळ्यांनी ते उचललं. जर्मन भाषेत 'शेमेल' म्हणजे आजही बिनपाठीचं छोटं स्टूल, पायाखाली घ्यायचं किंवा गाईची धार काढताना बसायचं. त्याचा मूळचा साधेपणा तिथे टिकून राहिला. इंग्रजीत मात्र या स्टुलाचे पाय वाढले. बसायचं फळकूट माल मांडायचं फळकूट झालं, आणि चौदाव्या शतकापर्यंत त्यावरचा माल ठरून गेला होता : मांस, कधी मासळी. खाटकाचं एक फळकूट म्हणजे एक शॅमल. अशी फळकुटं ओळीने लागली की झाले शँबल्स, म्हणजे मटणबाजार. तुमचा 'स' हा असा आला. तो खराखुरा, मोजता येणाऱ्या फळ्यांचा अनेकवचनी 'स' आहे.

आता शॅमलमध्ये 'ब' कुठून घुसला, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'म' म्हणताना ओठ मिटलेले असतात. त्याला लागूनच 'ल' किंवा 'र' म्हणायचा झाला की ओठ उघडता उघडता मध्येच एक 'ब' निसटतो. संस्कृतातल्या 'आम्र'मध्ये ब नाही, आपल्या आंब्यात आहे. 'ताम्र'मध्ये नाही, तांब्यात आहे. इंग्रजीतही तोच प्रकार. अंगुस्तानाला जुन्या इंग्रजीत 'थिमल'च्या जवळचा उच्चार होता, त्याचं 'थिंबल' झालं. लॅटिन 'न्यूमेरस'चा 'नंबर' झाला. एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या भाषांमध्ये ओठ मात्र एकाच तऱ्हेने घसरतात, याची मला अजून गंमत वाटते.

पुढची पायरी रक्ताची. जनावर दुकानाच्या मागच्या अंगणात कापायचं आणि पुढच्या फळीवर विकायचं, अशी पद्धत होती. त्यामुळे सोळाव्या शतकात हा शब्द विक्रीच्या जागेवरून मागच्या अंगणात सरकला आणि शँबल्स म्हणजे कत्तलखाना झाला. त्याच शतकाच्या अखेरीस तो माणसांच्या कत्तलीलाही लागला. शेक्सपिअरच्या 'सहावा हेन्री' या नाटकाच्या तिसऱ्या भागात, पहिल्याच प्रवेशात, यॉर्कचा ड्यूक पार्लमेंटमध्ये घुसून सिंहासनावर बसलेला असतो. हेन्रीचे सरदार तलवारी उपसायला उतावीळ झालेले. तेव्हा बिचारा हेन्री म्हणतो, पार्लमेंट हाउसचं शँबल्स करण्याचा विचारही माझ्या मनात न येवो. आजच्या कानांना हे वर्तमानपत्रातल्या अग्रलेखासारखं ऐकू येतं : सभागृहाचा तमाशा करू नका. हेन्रीला तमाशाची चिंता नव्हती. तिथे खाटीकखाना होईल, माणसं कापली जातील, असं तो म्हणत होता. शब्द तोच, धमकी वेगळी.

आणि याच सुमाराला जुना, साधा बाजाराचा अर्थही सुखाने नांदत होता. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये सेंट पॉल करिंथच्या लोकांना सांगतो की शँबल्समध्ये जे विकतात ते खा, सद्सद्विवेकासाठी प्रश्न विचारत बसू नका. मूळ ग्रीक शब्द 'माकेलॉन', मांसाचा बाजार. आजच्या एखाद्या तरुणाने हे वाक्य वाचलं तर त्याला वाटेल, पसाऱ्यात जे सापडेल ते तोंडात टाका असा उपदेश चाललाय.

असल्या घोटाळ्यात मी स्वतः पडले आहे, म्हणून इतक्या अधिकाराने बोलते. वयाच्या तिशीत मी भाषांतरं करायची. एका प्रकाशकाने एकोणिसाव्या शतकातल्या एका खलाशाच्या आठवणी दिल्या होत्या. त्यात एका चकमकीनंतरचं वाक्य होतं, डेक शँबल्स झाला होता. मी लिहिलं : 'डेकवर नुसता पसारा माजला होता.' लिहिलं आणि चाळीस पानं पुढे गेले. हस्तलिखित परत आलं तेव्हा 'पसारा' या शब्दाखाली शिसपेन्सिलीची बारीक रेघ आणि समासात दोनच शब्द : 'पसारा? कशाचा?' आमचे संपादक बोलायचे कमी. मी टेबलाशी जाऊन ठसक्यात सांगितलं, 'सामानाचा. दोर, पिंपं, शिडाच्या चिंध्या.' त्यांनी मागच्या फडताळातून जाडजूड जुना कोश काढला, पान उघडलं आणि माझ्याकडे न बघता एका ओळीवर बोट ठेवलं. खाटकाचं फळकूट. त्याखाली, कत्तलखाना. पसारा त्या कोशात कुठेच नव्हता. कारण कोश छापला तेव्हा तो अर्थच जन्मला नव्हता, आणि खलाशाने लिहिलं तेव्हा तर नव्हताच नव्हता. मी जागेवर परत आले, वाक्य पुन्हा वाचलं, आणि पुढच्याच ओळीत डेकवर वाळू पसरल्याचा उल्लेख दिसला. पाय घसरू नये म्हणून. कशावरून घसरू नये, हे मला आधी कळायला हवं होतं. मग लिहिलं, 'डेकवर रक्तामांसाचा सडा पडला होता.' ती पेन्सिलची रेघ मी खोडली नाही. कागद पिवळा पडलाय, रेघ अजून दिसते.

तर रक्त कधी धुतलं गेलं? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. कत्तलीची जागा, मग नासधूस झालेली कोणतीही जागा, मग मोडतोड, मग नुसतीच अव्यवस्था, असा उतार. आधी तर जखमा होत्या, मग फक्त फुटलेल्या काचा उरल्या, आणि शेवटी न आवरलेली खोली. शब्द वापरून वापरून गुळगुळीत होतात. पण हा इतका झाला की आज आई मुलाला तुझी खोली शँबल्स आहे म्हणते तेव्हा तिला खाटीक आठवतही नाही.

आता व्याकरण. फळ्या गेल्या, बाजार गेला, अर्थ एकच उरला, म्हणून रूप अनेकवचनी आणि वागणूक एकवचनी. गॅसच्या कारखान्याला इंग्रज 'अ गॅसवर्क्स' म्हणतात तसंच. ब्रिटिश लोक शक्यतो 'अ शँबल्स' म्हणतात. अमेरिकेत 'अ' गाळून नुसतं 'इन शँबल्स'ही सर्रास चालतं. आणि वचनाच्या बाबतीत आपण इंग्रजांना हसायचं कारण नाही. आपल्याकडे माणसाचे हाल होतात आणि वांधेही होतात. एकच हाल झाला किंवा एकच वांधा झाला, असं दुःख कुणी हिशेबाने मोजत नाही.

राहिली गल्ली. यॉर्कला मी एकदाच गेले, तीही पावसात. गल्ली इतकी अरुंद की वरच्या मजल्यांची जुनी लाकडी घरं एकमेकांच्या कानाशी लागल्यासारखी पुढे झुकलेली. त्यामुळे खाली थेट ऊन पडत नाही, आणि मांस विकणाऱ्याला तेच हवं असतं. रस्त्याच्या दोन्ही कडा उंच आणि मधला भाग खोलगट. धुतलेलं रक्त-पाणी त्या नाळीतून वाहून जावं म्हणून. १८७२ सालापर्यंत इथे २५ खाटकांची दुकानं होती. आता एकही नाही. भेटवस्तू, मिठाया, फोटो काढणारी गर्दी. पण मान वर केली की काही खिडक्यांवर लोखंडी आकडे ओळीने दिसतात, आणि खिडकीखाली रुंद लाकडी कट्टा. एवढ्या रुंद कट्ट्याचं खिडकीला काय काम? मी छत्री बगलेत धरून त्यावरून हात फिरवला. मधोमध लाकूड किंचित खोलगट लागलं. पावसाने झिजलं असेल, कोपरांनी झिजलं असेल, मला ते सुऱ्यांनीच झिजल्यासारखं वाटलं. सर, नातीला सांगा, पुढच्या वेळी पाटीचा नको, त्या फळीचा फोटो काढ. शब्द तिथे आहे.

प्रश्न : मी महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकते. कथेत एक म्हातारा 'शँबल्ड इन' असं आलंय, म्हणजे पाय ओढत आला. त्याचा या पसाऱ्याशी काही संबंध आहे का? आणि 'ऑम्निशँबल्स' हा खरा शब्द आहे की कुणाची गंमत?

उत्तर : दोन्हींचं उत्तर हो.

चालीचा शँबल हा त्याच फळकुटाचा सख्खा नातू मानला जातो. सोळाशेच्या आसपास इंग्रजीत 'शँबल लेग्ज' अशी शिवी-वजा थट्टा होती. बाजारातली फळी तिरप्या, फाकलेल्या तिवईवर ठेवत. तसे ज्याचे पाय, तो शँबल-पायांचा. त्यावरून सतराव्या शतकात क्रियापद आलं : फेंगडे पाय टाकत, फरफटत चालणं. मराठीत लिहिताना 'पाय ओढत आला' एवढं पुरे. त्यात फळी आणायचा अट्टहास नको.

ऑम्निशँबल्स ही गंमतच होती, पण शब्दकोशाने मनावर घेतली. २००९ साली ब्रिटनमधल्या एका राजकीय विनोदी मालिकेत एका तोंडाळ सरकारी प्रसिद्धीप्रमुखाच्या तोंडी तो आला. 'ऑम्नी' हे लॅटिन, म्हणजे सर्व. सगळीकडून, सगळ्या बाजूंनी झालेला विचका. एप्रिल २०१२ मध्ये विरोधी पक्षनेते एड मिलिबँड यांनी सरकारच्या अर्थसंकल्पाला पार्लमेंटमध्ये तेच विशेषण लावलं, आणि वर्षअखेरीस ऑक्सफर्डच्या कोशकारांनी ब्रिटनचा 'वर्ड ऑफ द इयर' म्हणून त्याचीच निवड केली. म्हणजे पार्लमेंटचं शँबल्स करू नका, असं हेन्रीने म्हटल्याला चारशेहून अधिक वर्षं लोटल्यावर तो शब्द पार्लमेंटमध्ये गाजलाच. रक्त न सांडता, हे नशीब.

'शँबोलिक' हे विशेषणही याच घरातलं, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळलेलं. सिंबॉलिकच्या चालीवर शेपूट लावलेलं असावं. इंग्रजी बोलणाऱ्याला ते उच्चारताना विलक्षण आनंद होतो असं माझं निरीक्षण आहे. ज्याच्यावर ते उच्चारलं जातं त्याला होत नाही.

प्रश्न : मी बातम्यांचं भाषांतर करते. केऑस, बेडलॅम, पँडेमोनियम, शँबल्स, सगळ्याला मी 'गोंधळ' लिहिते आणि वरिष्ठ दर वेळी नाक मुरडतात. प्रत्येकाला वेगळा मराठी शब्द सांगाल का?

उत्तर : वरिष्ठांचं नाक बरोबर मुरडतंय. पण एका इंग्रजी शब्दाला एक मराठी शब्द असा तक्ता मी देणार नाही. असे तक्ते भिंतीवर लागतात आणि मग कुणी वाक्य वाचत नाही. त्याऐवजी कान लावा.

बेडलॅम आणि पँडेमोनियम यांना आवाज आहे. बेडलॅम हा लंडनमधल्या बेथलेम इस्पितळाच्या नावाचा अपभ्रंश. १२४७ मध्ये मठ म्हणून स्थापन झालेली ती संस्था पुढे मनोरुग्णांची झाली आणि एके काळी लोक तिथे करमणूक म्हणून रुग्ण पाहायला जात. ही लाजिरवाणी गोष्ट शब्दाने विसरून टाकली, आरडाओरडा तेवढा लक्षात ठेवला. पँडेमोनियम हे मिल्टनने १६६७ च्या 'पॅराडाइज लॉस्ट'मध्ये नरकाच्या राजधानीला दिलेलं नाव, सर्व सैतानांचा अड्डा. या दोघांसाठी हलकल्लोळ, गदारोळ, कल्लोळ हे शब्द हाताशी ठेवा. केऑस ग्रीक आहे, मुळात सृष्टीच्या आधीची आ वासलेली पोकळी. तिथे अनागोंदी, अंदाधुंदी, बेबंदशाही चालेल, कारण त्यात नियमच नसण्याचा भाग आहे.

शँबल्सला आवाज नसतो. नियम होते, बेत होता, माणसंही होती, आणि तरी सगळं फिसकटलं, असा त्याचा सूर. म्हणून बैठकीचा विचका होतो, योजनेचा बोजवारा उडतो, परीक्षेच्या वेळापत्रकाचा खेळखंडोबा होतो, बचावफळीची दाणादाण उडते आणि अर्थव्यवस्था डबघाईला येते. खोली असेल तर तिचा उकिरडा होतो. पाच वाक्यांत इंग्रजीने एकच शब्द वापरला असेल, तरी मराठीने पाच वापरावेत. आपल्याकडे या बाबतीत इतकी श्रीमंती आहे की ती का आहे, याचा विचार मी टाळते. आणि वाक्य १९०० च्या आधीचं निघालं तर यातलं काहीच वापरू नका, वरच्या पहिल्या पत्राचं उत्तर पुन्हा वाचा.

प्रश्न : जेवणाची मेस आणि पसाऱ्याचा मेस, स्पेलिंग एकच. योगायोग?

उत्तर : योगायोग नाही, एकच शब्द. जुन्या फ्रेंचमध्ये 'मेस' म्हणजे पानात वाढलेला एक पदार्थ. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ पाठवणं, म्हणजे स्वयंपाकघरातून पुढे धाडलेलं ते मेस. एकत्र जेवायला बसणाऱ्या टोळक्यालाही मेस म्हणू लागले. लंडनच्या वकिलांच्या जुन्या संस्थांमध्ये आजही चौघांचा एक मेस धरतात. सैन्याची मेस आणि वसतिगृहाची मेस इथूनच आली. दुसरीकडे अठराव्या शतकात जनावरांपुढे ठेवायच्या सरमिसळ आंबोणालाही मेस म्हणू लागले, आणि त्या कालवलेल्या बादलीकडे बघून एकोणिसाव्या शतकात कुणीतरी गुंत्याला, घोळाला मेस म्हटलं. वसतिगृहात राहिलेल्यांना हा क्रम वेगळा समजावून सांगावा लागत नाही.